रिकाम्या खळग्याची साक्ष

दात न आलेले मूल गेले तर त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. वऱ्हाडातल्या खेड्यात ही रीत कुणाला शिकवावी लागत नाही. मनू आणि याज्ञवल्क्य या दोघांही स्मृतिकारांनी दोन वर्षांच्या आतले मूल मातीत ठेवायला सांगितले आहे. सुतकाचा हिशेबही दातांवर बसवला आहे. दात येण्याआधी मूल गेले तर सुतक तिथल्या तिथे फिटते, दात आल्यावर गेले तर लांबते. आईच्या दुःखाला असला हिशेब ठाऊक नसतो, पण शास्त्रकारांना कुठेतरी रेघ ओढायची होती आणि ती त्यांनी हिरडीवर ओढली.

स्मृती लिहिल्या जाण्याच्या कितीतरी शतके आधी, ताम्रपाषाण काळात, महाराष्ट्रातले पहिले शेतकरी आपली मेलेली मुले राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत होते. मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांत मूल. घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या त्या कामात दोनशेहून अधिक दफने निघाली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची होती. ही मुले कशाने गेली? साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरात ना वैद्याची वही, ना जन्ममृत्यूची नोंद. उरतात ती बोटभर लांबीची हाडे आणि दात.

हा लेख इनामगावपासून सुरू होत असला तरी त्याचे गाव वऱ्हाडात आहे. अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी नावाची जागा आहे. १९८४-८५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. प्र. बोपर्डीकरांनी तिथे खणले, आणि माळवा व जोर्वे संस्कृतीची माणसे पूर्णेच्या खोऱ्यातही राहत होती हे दिसले. जोर्वे म्हणजे इनामगावचीच संस्कृती. त्याच तालुक्यात फुबगावला २०१८-१९ मध्ये सर्वेक्षणाच्या नागपूर शाखेने लोहयुगातली वस्ती उघडी केली. वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर आपण रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखतो. मोरेश्वर दीक्षितांनी तिथे खणून १९६८ साली अहवाल काढला. म्हणजे जागांची वाण नाही. पण या उत्खननांच्या बातम्यांत काय येते ते आठवून पाहा: खापरे, मणी, नाणी, घरांचे गोल पाये. दात येत नाहीत. आमच्याकडच्या बातमीदारांना दोष द्यावा तर त्यांना दात कुणी दाखवलेलाच नसतो.

दातच का, हे आधी सांगायला हवे. हाड आयुष्यभर झिजते आणि पुन्हा घडते, त्यामुळे बालपणीच्या आजाराची खूण पुढे पुसली जाऊ शकते. दाताचे वरचे कवच एकदा तयार झाले की शरीर त्याला पुन्हा हात लावत नाही. ते थराथराने बनते आणि ते बनत असताना मूल आजारी पडले, उपाशी राहिले, तर त्या थरात आडवी खाच किंवा खड्डा राहतो. दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात. जन्माच्या धक्क्याचीसुद्धा एक रेघ त्यांत उमटते, ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. रेघेच्या अलीकडचे आईच्या पोटातले, पलीकडचे बाहेरचे. शिवाय कवचाचा बहुतेक भाग खनिज असतो, त्यामुळे हाडाचा भुगा होतो तिथेही दात टिकतो. आमच्या काळ्या मातीत तर हे फार महत्त्वाचे. पावसाळ्यात फुगणारी आणि वैशाखात हातभर भेगाळणारी ही माती नाजूक हाडांना दरवर्षी पिळून काढते.

ओरेगनचे जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांवर १९८६ मध्ये स्वतंत्र खंड प्रसिद्ध केला आणि पुढे वर्षानुवर्षे या मुलांच्या दुधाच्या दातांवर काम केले. दुधाच्या सुळ्यावर पुढच्या बाजूला पडणारा एक लहानसा खड्डा त्यांनी गाव आणि काळ बदलत मोजला. तो पडतो बाळाच्या पहिल्या काही महिन्यांत. आईचे आणि बाळाचे पोषण कमी पडले की जबड्याचे हाड पातळ राहते आणि आत घडणाऱ्या सुळ्याला बाहेरून इजा होते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. १९९८ च्या निबंधात या खड्ड्यांचा संबंध त्यांनी बदलत्या हवामानाशी आणि बदलत्या जगण्याशी जोडला. लुकाक्स यांनी त्याआधी, १९८१ मध्ये, नागपूरजवळच्या माहूरझरीच्या महापाषाणी दफनांतले दातही तपासले होते. म्हणजे विदर्भाचे दात शास्त्राच्या टेबलावर एकदा जाऊन आलेले आहेत.

खाच आणि खड्डा असलेला दात निदान हातात तरी असतो. जो दात नाहीच, त्याचे काय?

समजा चार वर्षांच्या मुलाचा खालचा जबडा समोर आहे आणि पटाशीचे मधले दोन दात नाहीत. पहिला प्रश्न: ते केव्हा गेले? खळग्याची कड पातळ, धारदार असेल, खळगा पूर्ण खोल असेल आणि आत मुळीचा आकार जसाच्या तसा उमटलेला असेल, तर दात मेल्यानंतर मातीत गळाला. पुढच्या दातांना एकच मुळी असते, त्यामुळे ते सहज निसटतात. खळगा नव्या हाडाने भरला असेल, कड गोल आणि सपाट झाली असेल, शेजारचे दात रिकाम्या जागेकडे झुकले असतील, तर दात जिवंतपणी आणि मरणाच्या बराच आधी पडला. घोटाळा मधल्या प्रकारात होतो. दात पडला आणि पंधरा-वीस दिवसांत मूल गेले, तर खळग्याच्या तळाशी नुसती जाळीदार, कच्च्या हाडाची साय दिसते. भिंग न लावता घाईत धुतलेल्या जबड्यावर ती साय उरतही नाही.

दुसरा प्रश्न फक्त मुलांच्या बाबतीत येतो: दात पडायची वेळ झाली होती का? खालचे मधले दोन दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, शेवटची दुधाची दाढ अकरा-बाराव्या वर्षी. त्याचे उत्तर एक्स-रेत असते. चार वर्षांच्या जबड्यात त्या खळग्याखाली पक्का दात घडत असतो. त्याचा वरचा भाग जेमतेम पूर्ण होत आलेला असतो, मुळी अजून धरायची असते. असा पक्का दात वरच्याला ढकलू शकत नाही. म्हणजे वरचा दात आपल्या वेळेने गेलेला नाही. दातांवरून वय ठरवण्याची ही विद्या जुनी आहे. इंग्लंडात गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचे खरे वय कळावे म्हणून एडविन साँडर्स या दंतवैद्याने १८३७ मध्ये दातांची कसोटी संसदेपुढे मांडली होती. आजही अनोळखी मुलाचा सांगाडा सापडला की अकोल्याच्या काय किंवा कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाचा न्यायवैद्यक विभाग आधी जबडाच पाहतो.

तिसरा प्रश्न, कशाने? इथे पुष्कळ संशयित रांगेत उभे असतात. पडून-आपटून, कीड लागून, उपटून दात जाऊ शकतो. तसे असेल तर बहुधा एखाद्याच जागी नुकसान दिसते. आजारांचे तसे नसते, त्यांची मोडतोड ठरावीक पद्धतीने होते. कवटीला गोल भोके, जबड्याचे हाड विरघळलेले आणि दाढा आधाराविना लोंबत राहिलेल्या, अशी अवस्था असेल तर लँगरहान्स पेशींच्या आजाराचा विचार होतो. पापियाँ आणि लफेव्र या फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ मध्ये वर्णन केलेल्या आनुवंशिक आजारात चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात, आणि पुढे पक्केही, हिरड्या सडून गळतात. तळहात-तळपायांची कातडी जाड होऊन भेगाळते. नात्यात लग्ने होतात तिथे हा आजार जास्त आढळतो. सांगाड्याला तळहाताची कातडी नसते, त्यामुळे तिथे निदान अर्ध्यावरच थांबते. विलायतेत दात येताना बाळांना पाऱ्याची पूड चाटवत, त्या विषबाधेनेही दात गळत. १९५० च्या दशकात ती पूड बाजारातून गेली आणि तो आजारही जवळजवळ गेला.

सगळ्यांत विलक्षण मला वाटतो तो हायपोफॉस्फेटेसिया. विनिपेगचे डॉ. रॅथबन यांनी त्याला १९४८ मध्ये हे नाव दिले. अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे विकर शरीरात कमी पडते. हाडांत खनिज नीट भरत नाही, पाय मुडदुशीसारखे वाकतात. आणि दाताच्या मुळीवर जो सिमेंटमचा थर असतो, ज्याला धरून दात जबड्यात रोवलेला राहतो, तो नीट बनतच नाही. दात दुखत नाही, हिरडी फारशी सुजत नाही. दात हलतो आणि गळून हातात येतो, तोही मुळीसकट. यातच निदानाची किल्ली आहे. वेळेवर पडणाऱ्या दुधाच्या दाताची मुळी खालून येणाऱ्या पक्क्या दाताच्या वाटेवर शरीरानेच खाऊन टाकलेली असते, म्हणून आपल्या हातात येतो तो नुसता ठोकळा. अख्खी लांब मुळी घेऊन पडलेला दात वेगळेच काही सांगत असतो.

आता पुरातत्त्वाची अडचण पाहा. जिवंतपणी पडलेला दात दफनात नसतोच. तो कौलांवर फेकला गेला असेल, उकिरड्यात पुरला असेल, उंदराच्या बिळात टाकला असेल, किंवा झोपेत गिळलाही असेल. संशोधकाला मिळतो तो खळगा. मुळी शाबूत होती की खाल्लेली, हे सांगणारा दात गेलेला असतो. मग जबड्यात उरलेल्या दातांच्या मुळ्या कापून त्यांवर सिमेंटम किती आहे ते पाहायचे, पायांची हाडे पाहायची, कवटीचे सांधे पाहायचे, आणि एवढे करूनही ‘शक्यता आहे’ म्हणून थांबायचे. जनुकांची मदत घ्यावी तर आपल्या उष्णतेत डीएनए फारसा टिकत नाही. राखीगढीच्या ६१ नमुन्यांतून एकाच सांगाड्याचा उपयोगी डीएनए हाती आला होता, हे २०१९ मध्ये डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच जाहीर केले.

स्कर्व्हीचे निदानही असेच आडवाटेने होते. क जीवनसत्त्व नसले की शरीराचे बांधकाम सैल होते, हिरड्या सुजून रक्त येते, दात हलतात. पण दात न आलेल्या बाळाच्या हिरडीवर हे फारसे दिसत नाही. तिथे पाहायचे ते जबडा हलवणाऱ्या स्नायूंच्या जागी. बाळ चोखते, चावते, त्या हालचालीने कमकुवत रक्तवाहिन्या फुटतात आणि कानशिलाजवळच्या हाडावर, डोळ्यांच्या खोबणीत, टाळूवर बारीक छिद्रे पडतात. अमेरिकेतले डोनाल्ड ऑर्टनर यांनी ही खूण शास्त्रात रुजवली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव या ताम्रपाषाण वस्त्यांतल्या मुलांवर काम करून २०११ मध्ये पुस्तक लिहिले, आणि पुढे सहकाऱ्यासह तिथल्या बालकांत स्कर्व्हीशी जुळणाऱ्या खुणा नोंदवल्या. इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात, इसवी सनापूर्वी १००० नंतर, शेती ढासळली आणि लोक पुन्हा भटक्या जीवनाकडे वळले, असे ढवळीकरांचे मत होते. त्या काळातल्या तान्ह्या मुलांत क जीवनसत्त्वाची कमतरता म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आईच्याच ताटात काही नव्हते. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांवर वाढलेल्या आम्हा लोकांना हे वाचताना थोडे विचित्र वाटते खरे. पण संत्रा विदर्भात आला तोच मुळी भोसल्यांच्या काळात.

दातांवरून बालपणीचा आजार ओळखण्याची सर्वांत ठाम गोष्ट मात्र मोठ्या माणसांच्या कवट्यांत सापडली, आणि ती अमरावतीकरांच्या जवळची आहे. डेन्मार्कचे डॉक्टर व्हिल्हेल्म म्योलर-क्रिस्टेन्सन यांनी नेस्टवेड गावाजवळची मध्ययुगीन कुष्ठरोग्यांची दफनभूमी खणली. अनेक कवट्यांत नाकाचा पुढचा काटा झिजलेला आणि वरच्या जबड्याची पुढची कड गेलेली. तिथले पटाशीचे दात गळून गेले होते. त्यांच्यानंतर डॅनियलसन यांनी काही दातांत आणखी एक गोष्ट पाहिली. वरच्या पटाशीच्या दातांच्या मुळ्या मध्येच आवळल्यासारख्या, आखूड राहिलेल्या होत्या. या मुळ्या साधारण दहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होतात. म्हणजे मुळी घडत असतानाच कुष्ठरोग जबड्यात शिरला होता. चाळिशीत मेलेल्या माणसाचा दात सांगतो की याला हा आजार लहानपणीच झाला.

भारतातला कुष्ठरोगाचा सर्वांत जुना सांगाडाही डेक्कन कॉलेजच्याच माणसांनी उजेडात आणला. उदयपूरजवळच्या बालाथलला वि. ना. मिश्रांनी उत्खनन केले. तिथल्या, इसवी सनापूर्वी सुमारे २००० च्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या कवटीवर नाकाजवळचे हाड झिजलेले आणि वरचे दात जिवंतपणीच गेलेले आढळले. याच ग्वेन रॉबिन्स शुग, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या माणसाला दगडी कोटाच्या आत, गोवऱ्यांच्या राखेत पुरले होते.

अमरावतीत १९४६ मध्ये शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णालय आहे. दाजीसाहेबांच्या तपोवनात ज्यांनी आयुष्य काढले त्यांच्यात बालपणीच आजार जडलेलेही होते. आज औषध वेळेवर मिळाले तर ना नाक बसते, ना दात जातात. डेन्मार्कच्या त्या कवट्यांवर जे दिसते ते औषध नसलेल्या काळाचे चित्र आहे. तरी मुलाच्या अंगावरच्या बधिर चट्ट्याकडे अजूनही घराघरांत काणाडोळा होतो, हे इथे नमूद करून पुढे जातो.

हाडा-दातांवरून आजार ओळखण्याच्या या विद्येची मर्यादा १९९२ मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी फार नेमकी दाखवली. हाडावर खूण उमटायला वेळ लागतो. ज्याच्या हाडावर खूण आहे तो निदान काही महिने आजाराशी झुंजला. हगवणीने दोन दिवसांत गेलेल्या बाळाचे हाड स्वच्छ, सुंदर दिसते. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या १९९० च्या दशकापासून आपण वाचतो आहोत. कुपोषण, न्यूमोनिया, हगवण. उद्या कुणी केवळ सांगाडे पाहून त्यांचा हिशेब मांडला तर तो पुष्कळ मुलांना निरोगी ठरवील. इनामगावच्या स्वच्छ हाडांबद्दलही हेच लक्षात ठेवले पाहिजे.

मग वऱ्हाडाने काय करावे? माझे मत सरळ आहे. पूर्णेच्या खोऱ्यात पुढचे उत्खनन होईल तेव्हा मातीच्या प्रत्येक रांजणातली माती बारीक चाळणीतून गेली पाहिजे, आणि जागेवर दात ओळखणारा माणूस हवा. नवजात बाळाच्या दाताची टोपी ज्वारीच्या दाण्याएवढी असते. ती ढिगाऱ्यात गेली की गेली. अमरावतीला दंत महाविद्यालय आहे, अकोल्याला आणि अमरावतीला वैद्यकीय महाविद्यालये आहेत, नागपूरला भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे केंद्र आहे. हाडे पुण्यालाच न्यावी लागतील असे काही नाही. आणि शेत नांगरताना, विहीर खणताना तोंडाला तोंड लावलेले रांजण लागले तर ते फोडून आत सोने पाहण्याआधी तहसीलदाराला कळवा. सोने नसते. असते ते बाळ.

जिवंत मुलांच्या बाबतीत तर आपल्याकडे ती गोष्ट आहे जी संशोधकाला कधीच मिळत नाही: पडलेला दात. ‘दुधाचेच त दात हायेत, पडले त येतीन’ म्हणून आपण तो फेकून देतो. वरचे दात आधी आले तर मामाला जड म्हणून घर काळजीत पडते, पण तिसऱ्या वर्षी दात गळला तर कुणी विचारत नाही. मूल पाच वर्षांचे व्हायच्या आत, न आपटता, न किडता दात हलू लागला किंवा पडला, तर तो दात फेकू नका. त्याला मुळी आहे का ते पाहा. डबीत घालून दंतवैद्याकडे किंवा सरकारी दवाखान्यात न्या. तळहात-तळपाय खरखरीत आहेत का, हिरड्यांतून रक्त येते का, पाय वाकले आहेत का, तेही सांगा. अल्कलाइन फॉस्फटेजची साधी रक्ततपासणी करून घ्या. अहवालात तो आकडा कमी आला तर दुर्लक्ष करू नका. वाढलेल्या आकड्याकडेच पाहण्याची सवय सगळ्यांना असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. आकडा मुलाच्या वयाच्या तक्त्याशी ताडून पाहायला डॉक्टरांना सांगा. या आजारावर २०१५ पासून औषध आहे. ते महाग आहे, पण त्याची चौकशी निदान झाल्यावरच सुरू होते.